कापून ठेवलेलं वाक्य

९ जानेवारी

धाकट्या,

ठकीला जाऊन तीन महिने होत आले. घर होतं तसंच आहे. तुझी वहिनी सकाळी दोघांपुरतं पीठ काढायला जाते आणि हात तिघांचंच काढतो. मी पंपावर जातो. गावाला पाणी लागतंच. नळाला कुणाच्या घरी काय झालं याच्याशी देणंघेणं नसतं.

तू आला होतास तेव्हा बोलणं झालं नाही. तूही बोलण्यासारखा नव्हतास. आता लिहितो.

बाजारात स्फोट केला तो वरच्यांनी, हे उघड आहे. डोंगरातली ती टोळी ते मिरवतेच आहे. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही. बाजाराच्या फाटकावर दर बुधवारी दोन पोलीस असतात, त्या बुधवारी नव्हते. चहावाला सांगतो, त्यांना आदल्या दिवशीच दुसरीकडे हलवलं. तुमच्या हेरखात्याचा जो साहेब इथे राहतो त्याची बायको दर बुधवारी भाजीला येते, तीही आली नाही. एकवीस माणसं गेली आणि खात्यातल्या कुणाच्या घरचं मांजरसुद्धा गेलं नाही.

ठकी बियाणांच्या दुकानात कामाला होती हे तुला ठाऊकच आहे. बुधवारी मालक तिला बाजारात मांडलेल्या गाळ्यावर बसवायचा. त्याआधीचे दोन बुधवार तिने खाडे केले होते. पंपासमोरचा आपला शिंपी, तुला तो आठवत असेल, त्याने काहीतरी निमित्त काढून तिला दुकानात बसवून घेतलं. एकदा म्हणे काज करायला हात हवा होता, एकदा म्हणे अंगात कसर आहे. तिला शिवणाचा नाद होता, ती बसली. मालक घरी येऊन ओरडून गेला. तिसऱ्या बुधवारी मी तिला म्हटलं, नोकरी आहे, भातुकली नाही, जा. ती गेली.

तूच मागे सांगितलं होतंस की गावोगावच्या फिती तुझ्याकडे साफ करायला येतात. कोण कुणाशी काय बोललं ते सगळं तुझ्या कानावरून जातं. मला एवढंच सांग. त्यांना माहीत होतं की नव्हतं?

दादा

२१ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं नाही. बसथांब्यावर उभा राहून वाचलं आणि दोन बस सोडल्या.

माझं काम तुला वाटतं तसं नाही. मी तळघरातल्या खोलीत बसतो. खिडकी नाही. कानाला हेडफोन लावून फितीतली खरखर काढायची, पंख्याची घरघर काढायची, माणसाचं बोलणं वर आणायचं, एवढंच. बोलणं वर आलं की ते दुसरा माणूस घेऊन जातो. मी कान आहे, तोंड नाही. नोकरीला लागताना तशी शपथ घेतली आहे, आणि शपथ मी देवाच्या नावाने घेतली होती.

तुमच्या भागातल्या फिती माझ्याकडे येत नाहीत.

आणि आल्या असत्या तरी एक सांगतो, रागावू नकोस. फितीवर नुसते साहेब बोलत नाहीत. समोर दुसरा कुणी असतो. कधी किराणावाला, कधी एखादी सुईण, कधी मेंढरं राखणारा. तो आपल्यासारखाच असतो आणि जीव मुठीत धरून बोलत असतो. अशी फीत बाहेर गेली तर साहेबाची बदली होते. त्या दुसऱ्याचं काय होतं ते तू तिथे राहतोस, तुला जास्त ठाऊक.

वहिनीला सांग, मी रोज ठकीसाठी देवापुढे बसतो.

धाकटा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

देवापुढे बसतोस हे वाचून बरं वाटलं. त्याला विचार, खोटं लिहिताना हात कापतो का. माझ्या प्रश्नाला तू ‘नाही’ म्हटलं नाहीस. फिती येत नाहीत म्हणालास. म्हणजे विचारलं एक, उत्तर दिलंस दुसरं. लहानपणी दूध सांडलंस की असंच करायचास. दूध कुणी सांडलं विचारलं की सांगायचास, मांजर इकडे येतच नाही.

तुझी वहिनी ठकीची पेटी उघडत नव्हती, काल उघडली. वर एक अर्धवट शिवलेला सदरा होता, माझ्या मापाचा. एका बाहीला टाके घातलेत, दुसरी नुसती टाचलेली. मी तो घालून आरशासमोर उभा राहिलो. टाचणी दंडात घुसली, तर बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवता आलं.

तू कान आहेस म्हणतोस. मग असं धर, की ती तुझ्या कानात मेली. तू ऐकलंस, खरखर काढलीस, फीत पुढे दिलीस, डबा उघडून जेवलास. असं झालं नसेल तर तसं लिही. झालं असेल तर तू आणि तो बाँब ठेवणारा, दोघांत मला तोच बरा वाटतो. तो तिचा काका नव्हता.

शिंपीही तुझ्यासारखाच बोलतो. रोज दुपारी चहाला बसतो आणि म्हणतो, सोडून द्या, कळून काय करणार. त्याला काय जातं. बायको गेल्यापासून त्याचं कोण आहे? एक मैना पाळली आहे, तिच्याशी बोलतो. गिऱ्हाईक आलं की ती ‘आत या, आत या’ करते. तिला माणसांपेक्षा जास्त रीत आहे.

मी सोडणार नाही. तू कळवणार नसशील तर यापुढे पत्रं पाठवू नकोस. एक भाऊ होता, तोही त्या बुधवारी गेला असं समजेन.

दादा

११ मार्च

दादा,

यापुढे पोस्टाने लिहू नकोस. बियाणांचा ट्रक इकडे येतो, त्याचा ड्रायव्हर विश्वासाचा आहे. त्याच्या हाती दे. मीही तसंच पाठवीन.

येत्या रविवारी सकाळच्या बातम्यांना सीमेपलीकडचं रेडिओ केंद्र लाव. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

घरात बसून ऐक. तू आणि वहिनी, दोघांनीच. चहाच्या टपरीवर नको. ऐकून झालं की रडायचं तर रड, पण त्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलू नकोस. ही एक गोष्ट मी तुझ्याकडे मागतो. त्यापेक्षा कितीतरी मोठी मी दिली आहे.

हे पत्र जाळ.

धाकटा

२ एप्रिल

धाकट्या,

तू आईच्या पोटचा आहेस. मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेतो.

घरी रेडिओला खरखर फार, म्हणून टपरीवरच गेलो. खोटं कशाला सांगू, एकट्याने ऐकायचा धीर नव्हता. पंचवीसेक माणसं होती. त्यातल्या नऊ जणांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. शिवणयंत्राचा आवाज आला. मग एक जाडा आवाज, तू जाडा केलेला असणार, म्हणाला, ‘बाजारात करणार आहेत, तिसऱ्यांदा सांगतोय.’ आणि साहेब काय म्हणाला ते आता इथल्या पोरांनासुद्धा पाठ झालंय. ‘ठाऊक आहे. बाजार बंद केला तर कुणी आतलं बोललं हे त्यांना कळेल. त्यांचा म्होरक्या हाती लागेपर्यंत थांबायचंय. तुमच्याच भल्याचं आहे.’ मग बाई खोकली आणि फीत संपली.

चहावाल्याच्या हातात गाळणं तसंच राहिलं.

तुला वाटलं असेल बाई खोकली. मला पहिल्याच खोकल्याला कळलं. दोन कोरडे, एक लांब, शेवटी घसा खाकरायचा. शिंप्याची बायको मरण्याआधी दोन वर्षं अशीच खोकत होती. मैनेचं पिल्लू तेव्हा तिच्या उशाशी असायचं. बाई गेली, खोकला राहिला. अख्ख्या गावाने मापाला उभं राहून तो ऐकलाय. नवीन गिऱ्हाईक दचकून विचारतं, आत कोण आहे? शिंपी म्हणतो, मालकीण. त्याच्यावर आम्ही कधी हसलो नाही. तुलाही मैनेचं लिहिलं आणि खोकल्याचं लिहिलं नाही, ते त्यामुळेच.

मग मी बोललो. म्हटलं, ही बाई नाही, ही शिंप्याची मैना आहे.

तुझी वहिनी मागे उभी होती. तिने माझी बाही ओढली. म्हणाली, देवाचं नाव घ्या आणि गप्प बसा. मी देवाचंच नाव घेऊन बोललो. का बोलू नये? त्याला माहीत होतं. दोन बुधवार त्याने ठकीला उगाच बसवून घेतली, ते उगाच नव्हतं. तिसऱ्या बुधवारी जाऊ दिली. साहेबाला सांगायला याला तोंड होतं. समोर पंपावर मी बसतो, मधे फक्त रस्ता, तेवढा ओलांडून मला सांगायला तोंड नव्हतं. वर रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायला. कळून काय करणार म्हणाला.

दुपारी तो पंपावर आला. दाराची कडी मी आतून लावली होती. तो बाहेरून काहीतरी बोलायला लागला. मी दोन्ही मोटारी चालू केल्या. मग त्याचं काही ऐकू आलं नाही. बराच वेळ त्याची सावली दाराखालच्या फटीत होती, मग गेली. त्या दिवशी गावाला अवेळी पाणी आलं. बाया हंडे घेऊन धावल्या आणि मला दुवा दिला.

तुमच्या खात्याचा मंत्री आज ना उद्या जाईल असं पेपरात आहे. तू फार मोठं काम केलंस.

दादा

९ एप्रिल

दादा,

हे वाचशील त्या क्षणी ऊठ. शिंप्याला गाठ, याच ट्रकमध्ये बसव आणि माझ्याकडे पाठव. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. तार करता येत नाही, फोन करता येत नाही, दोन्ही आमच्याच खात्यातून जातात. ट्रक वाटेत दोन गावं करून येतो हे माहीत असूनही हाच एक मार्ग आहे.

तो आला नाही म्हणाला तर हाताला धरून आण. तुझ्या मनात त्याच्याबद्दल जे आहे ते चुकीचं आहे. कसं, ते आत्ता लिहू शकत नाही. तू विश्वास ठेव. मी तुझ्यासाठी देवाची शपथ मोडली आहे, तू माझ्यासाठी एका माणसाला ट्रकमध्ये बसवू शकतोस.

इथे फीत कुणी फोडली याची चौकशी चालू आहे. रेडिओवरचं ऐकून ती कुणी कापली ते ओळखायचं काम साहेबांनी मलाच दिलंय. म्हणतात, खात्यात तुझ्याइतका कान कुणाचा नाही. मी रोज बसून स्वतःचंच काम ऐकतो.

आणि रोज तो खोकला ऐकतो.

दादा, ऊठ.

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. शिंपी त्याआधीच, शनिवारी गेला.

दुकानातच सापडला. वरून उतरलेले की गावातलेच, कुणी पाहिलं नाही म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या, त्याच्याच दुकानातली कात्रणं. त्यात ठकीच्या ब्लाउजाचा एक तुकडाही असेल, त्याच्याकडे सगळ्यांचेच तुकडे असत. शिवणयंत्र रस्त्यावर आणून फोडलं होतं. त्याला पोहोचवायला चौघे जमेनात, तेव्हा नगरपालिकेच्या माणसांनी नेला. मी गेलो नाही. पंपाच्या दारातून बघितलं.

तू लिहितोस, माझ्या मनात आहे ते चुकीचं आहे. मग बरोबर काय ते लिही. तुम्हा खात्यातल्या लोकांची ही खोड जात नाही, मला कळतं ते दुसऱ्याला सांगणार नाही. तुझ्या त्या खोडीपायीच तो मेला म्हणायला हवा. सांगायचं होतं तर आधी सांगायचं होतंस.

मंत्री गेला. चौकशी समिती आली आहे, तिच्यात एक न्यायाधीश आहे. गेल्या बुधवारी शाळेच्या पटांगणात मांडव घालून आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. माझं बोलणं त्यांनी लिहून घेतलं, उठताना हात जोडले. फाटकावरचे पोलीस कुणी हलवले तेही बाहेर आलं. हे सगळं तुझ्या फितीमुळे झालं. एक मंत्री गेला आणि एक चुगलखोर गेला. मला त्यात रडण्यासारखं काही दिसत नाही.

तुझी वहिनी मैना घरी घेऊन आली. पिंजरा दुकानात तसाच टांगलेला होता, पाणी संपलेलं. मी म्हटलं, ही ब्याद कशाला. ती म्हणाली, तुम्ही बोट दाखवलंत ते हिच्याकडे, आता हिला पाणी तरी दाखवा. बायकांच्या तोंडी लागत नाही मी. ओसरीवर टांगली आहे. खोकत असते.

दादा

५ मे

दादा,

सोबत कॅसेट आहे. बरोबर काय ते लिही म्हणालास, ते तिच्यात आहे.

आधी माझा भाग सांगतो. मी तुला खोटं लिहिलं होतं. तुमच्याकडची फीत माझ्याकडेच आली होती, स्फोटानंतर पंधरा दिवसांनी. साहेब कापड शिवायच्या निमित्ताने दुकानात जायचा आणि पिशवीत यंत्र ठेवून यायचा. मी शिंप्याचा आवाज दुसऱ्या शब्दाला ओळखला. बारा वर्षं गाव सोडलं तरी आपल्या माणसाचा आवाज जात नाही. मग तुझी पत्रं आली. तू लिहिलंस, ठकी माझ्या कानात मेली. तू ते दुखवायला लिहिलंस. तुला माहीत नव्हतं की ते खरं आहे.

फीत बाहेर द्यायची ठरवली तेव्हा मी तीन दिवस शिंप्याला झाकत होतो. त्याचा आवाज जाड केला. शिवणयंत्र ठेवलं, गावात शिवणयंत्रं पुष्कळ. खोकल्यापाशी आलो तेव्हा ब्लेड हातात होतं. मी थांबलो. म्हटलं, बाई खोकते आहे, राहू दे. शिंप्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे हा शिंपी नव्हे असंच लोक धरतील. मोठ्या हुशारीने मी तो खोकला राखला. एवढंच नाही, जरा वरही आणला, स्पष्ट ऐकू यावा म्हणून.

एकच वाक्य कापलं, कारण त्यात ठकीचं नाव आहे. ते राहिलं असतं तर पंपासमोर बसणारा माणूस कोण हे तुमच्या टपरीवर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. त्याला वाचवायला मी नेमकं तेच काढलं, ज्याने तो तुझ्या हातून वाचला असता. तो तुकडा मी फेकला नाही, जवळ ठेवला होता. आता तुझ्याकडे आहे. त्याचे शब्द मी लिहीत नाही. त्याच्याच तोंडून ऐक, आवाज जाड केलेला नाही. पंपावर तो जे बोलायला आला होता तेही बहुधा हेच असेल. तेव्हा मोटारी चालू होत्या.

दुसरी एक बातमी आहे, तीही तुला सांगायला हवी. दक्षिणेकडच्या एका गावात मागच्या आठवड्यात असाच बाजार भरणार होता. खबर आली आणि साहेबांनी तासाभरात बाजार उठवला. आता खबर दाबून बसायची कुणाची छाती नाही. पोत्यात बाँब सापडला. त्या बाजारात चारशे माणसं असतात. ती घरी गेली, जेवली असतील, बाजार बुडाला म्हणून कुरकुरलीही असतील. हे माझ्या फितीमुळे झालं, तू म्हणालास ते खरं आहे. आणि खबर देणाऱ्याने त्याच दिवशी सांगून टाकलं की यापुढे तो एक शब्द बोलणार नाही. आमच्याकडे फिती येणं जवळजवळ थांबलंय. पुढचा बाजार कुणी उठवायचा ते मला माहीत नाही. मी या दोन गोष्टी देवापुढे ठेवतो. एक उचलली की दुसरी खाली पडते. तो काही बोलत नाही, त्याचीही फीत कोरीच आहे.

एकट्याने ऐकू नकोस असं आधी लिहिणार होतो. नंतर वाटलं, माझं तू मागच्या वेळी तरी कुठे ऐकलंस.

तुला खरं हवं होतं. घे.

धाकटा

भावजी,

तारीख मुद्दामच घातलेली नाही. का, ते पुढे कळेल. माझं अक्षर तुम्हाला लागेल ना? यांच्या हाताने आता लिहिणं होत नाही, म्हणून मी लिहिते.

तुमची कॅसेट आली त्या दिवशी हे ओसरीवर टेप घेऊन बसले. मला म्हणाले, ये, त्याचं लबाड बोलणं ऐक. मी हात पुसत आले. शिंपीभावजींचा आवाज आला, अगदी इथे बसून चहा मागावा तसा. ते म्हणत होते, ‘साहेब, माझ्या दोस्ताची पोरगी आहे, ठकी, ती गाळ्यावर बसते. दोन बुधवार मी तिला थापा मारून अडवली. आता ती हसते मला. तिसऱ्यांदा काय सांगू? कोणता बुधवार तेवढंच सांगा. तारीख सांगा, साहेब.’ मग साहेब म्हणाला, ‘तुम्ही फक्त ऐकायचं.’ मग शिंपीभावजी पुन्हा म्हणाले, ‘तारीख सांगा, साहेब.’ तेवढंच.

म्हणजे त्यांना दिवस ठाऊक नव्हता. दर बुधवारी ते नुसते अंदाजाने पोरीला धरून ठेवत होते.

यांनी टेप बंद केला. माझ्याकडे बघून म्हणाले, नोकरी आहे, भातुकली नाही, असं मी म्हणालो होतो ना? मी म्हटलं, हो. खोटं कशाला बोलायचं, घरात आम्ही दोघंच होतो तेव्हा. मग त्यांनी फीत मागे नेऊन पुन्हा लावली. त्या दिवसापासून सकाळी एकदा, पंपावरून आले की एकदा, जेवण ताटात निवेपर्यंत. मी काही म्हटलं नाही. शिंपीभावजी दारात उभे होते तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकू देत, असं माझ्या मनात आलं. माझं मन तेवढं वाईट झालंय भावजी, देव मला क्षमा करो.

महिन्याभराने मैनेने खोकणं सोडलं. आधी मला वाटलं आजारी आहे. मग एका सकाळी मी अंगण झाडत होते तर शिंपीभावजी म्हणाले, ‘तारीख सांगा, साहेब.’ माझ्या हातून केरसुणी पडली. टेप बंद होता. मैना मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. हुबेहूब तोच आवाज, ‘सांगा’ म्हणताना मधे अडकतो तसा अडकलेला. बायकोला त्यांनी सहा वर्षं तिच्या गळ्यात ठेवली होती. ती गेली आणि तिच्या जागी ते आले.

यांनी त्याच दिवशी टेप दगडावर आपटून फोडला. त्याचा आता काय उपयोग? तिला पाठ झालंय. उजाडलं की सुरू करते. कुणी दारात आलं की पूर्वी ‘आत या’ म्हणायची, आता हेच म्हणते. समितीचे लोक यांची सही घ्यायला आले होते, त्यांनाही म्हणाली. न्यायाधीशसाहेब इकडेतिकडे बघायला लागले, कोण बोललं? मी म्हटलं, घरातलंच माणूस आहे. सही करताना यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. ते जाताना म्हणाले, दुःख फार आहे यांना. मी हो म्हटलं.

हे आता पंपावरच असतात. दिवसभर दोन्ही मोटारी चालू ठेवतात, म्हणजे काही ऐकू येत नाही. टाकी भरून वाहते, गल्लीत चिखल झालाय. गावाने आधी कौतुक केलं, आता तक्रार गेली आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

मैनेला सोडून देऊ म्हटलं तर म्हणाले, गावभर सांगत फिरेल. एकदा मान मुरगळायला उठलेही. पिंजऱ्यात हात घातला, ती मुठीत आलीसुद्धा. तिथून ती बोलली. तिच्या अंगातून तो आवाज त्यांच्या हाताला लागला असणार, कारण ते हात न काढता तसेच उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, हिला दाणे घातलेस का? तेव्हापासून तेच घालतात. वेळ चुकवत नाहीत.

तुम्ही केलंत ते चांगलं की वाईट, ते मला विचारू नका. त्या चारशे माणसांच्या घरी जाऊन विचारा, ती चांगलं म्हणतील, आणि त्यांचं खरं असेल. मला फक्त एक माहिती हवी आहे. तुमच्या तिकडे शिकलेली माणसं आहेत, पुस्तकं आहेत. सवडीने विचारून कळवा. ही आठ वर्षांची आहे आणि चांगली धडधाकट आहे.

मैना किती वर्षं जगते?

वहिनी